कारखान्यात कामाची उमेद कशानं टिकते आणि कशानं जाते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींत वीस ते दोनशे माणसांचे शेकडो कारखाने आहेत. अशा लहान कारखान्यांत कामगार विभाग सांभाळताना मालक, सुपरवायझर आणि कामगार या तिघांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. मोठ्या कंपन्यांकडे मोठी खाती असतात. लहान शॉपमध्ये, म्हणजे लहान कारखान्यात, मात्र ऑर्डर आणायची, बँक सांभाळायची आणि माणसंही सांभाळायची, हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर असतं. हे लिखाण त्याच्यासाठी आहे, आणि त्याच्याकडे काम करणाऱ्यांसाठीही.

कामगाराला कामाची गोडी लावायची कशी?

बहुतेक माणसं पहिल्या दिवशी ती घेऊनच येतात. नवीन लागलेला आयटीआयचा मुलगा पहिल्या आठवड्यात किती प्रश्न विचारतो ते पाहा. मशीन पुसून ठेवतो, जेवणाच्या सुट्टीतही सेटरच्या, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्याच्या, मागे उभा राहून बघतो. सहा महिन्यांनी तोच मुलगा भोंगा व्हायच्या आधी दहा मिनिटं हात धुऊन उभा असतो. मधल्या काळात त्याला काय काय अनुभव आले, ते शोधायला हवं. म्हणून "गोडी कशी लावू" हा प्रश्न मी मालकांना जरा बदलून विचारायला सांगतो: आपल्याकडे असं काय घडतं, की माणसाचं लक्ष कामावरून उडतं? याचं उत्तर बऱ्याचदा फुकटात किंवा थोड्या पैशात दुरुस्त करता येण्यासारखं निघतं.

पगार वाढवला की सगळं आपोआप सुटत नाही का?

बरंच सुटतं. पगाराला कमी लेखणाऱ्यांचा मला राग येतो. घरभाडं, मुलांची फी, गावाकडे आईच्या औषधांचे पैसे या काळज्या डोक्यात असताना "कामातलं समाधान" हा शब्द ऐकवणं बरं नव्हे. आजूबाजूच्या शॉपपेक्षा तुमचा पगार सरळ सरळ कमी असेल, तर आधी तो बरोबरीला आणा आणि मग बाकीचं वाचा.

याचं जुनं उदाहरण हेन्री फोर्डचं. १९१३ मध्ये त्याच्या डेट्रॉइटजवळच्या कारखान्यात माणसं इतकी सोडून जात होती, की गळतीचं वर्षाचं प्रमाण ३७० टक्के होतं. म्हणजे एकेका जागेवर वर्षात तीन-चार माणसं बदलत होती. जानेवारी १९१४ मध्ये त्यानं दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, आधीच्या जवळजवळ दुप्पट, आणि नऊ तासांची पाळी आठवर आणली. त्या वर्षी गळती ५४ टक्क्यांवर आली. पण त्या पाच डॉलरना अट होती. कामगार घरी कसा राहतो, दारू पितो का, घर स्वच्छ ठेवतो का, हे पाहायला कंपनीचे तपासनीस घरी जात. पैसे घेणाऱ्यांनाही ते आवडलं नाही, आणि काही वर्षांनी ते खातं बंद पडलं.

पगारानं माणूस येतो आणि थांबतोही. थांबलेला माणूस मन लावून काम करेलच, याची हमी मात्र पगार देत नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये हेच मांडलं. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांना आणि लेखापालांना त्यानं विचारलं, की कामावर खूप बरं वाटलं ती वेळ कोणती आणि खूप वाईट वाटलं ती कोणती. चांगल्या आठवणींत एखादं अवघड काम तडीस नेलं, त्याची दखल घेतली गेली, जबाबदारी मिळाली, असे प्रसंग होते. वाईट आठवणींत कंपनीची धोरणं, वरच्या माणसाची वागणूक, पगारातला अन्याय. या अभ्यासावर रास्त टीकाही झाली: चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईट झालं की खापर कंपनीवर फोडतो, शिवाय ते सगळे बरा पगार घेणारे लोक होते. तरी त्यातली एक गोष्ट मला शॉपमध्ये रोज दिसते. नाराजी दूर करणं हे एक काम, आणि काम आवडायला लागणं हे दुसरं. पहिलं न करता दुसरं होत नाही.

मी पगार वेळेवर देतो, तरी लोक कुरकुरतात. का?

"वेळेवर" म्हणजे किती तारखेला, हे आधी बघा. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा, असा कायदा आहे. "पार्टीचं पेमेंट आलं की करतो" हे मालकाच्या दृष्टीनं खरं असतं, पण कामगाराच्या मोबाइलच्या आणि गाडीच्या हप्त्याला ते समजत नाही. हप्ता चुकला की बँकेचा दंड त्याला पडतो. पगार ५ तारखेचा ९ वर गेला, तर त्या चार दिवसांत शॉपमध्ये दुसरा विषय नसतो.

त्याहून जास्त नाराजी कशाची असेल, तर हिशेब न समजण्याची. पगाराच्या दिवशी ऑफिसच्या खिडकीशी होणारं बोलणं ऐका. "माझे ओटीचे (ओव्हरटाइमचे) तास बावीस होते, अठराच कसे?" "खाडा एकच होता, दोन दिवस का कापले?" "हे दोनशे कसले?" आणि खिडकीतून उत्तर येतं, "सिस्टीमनं काढलंय." रक्कम शे-दोनशेची असते. पण आपण मोजलेले तास आणि ऑफिसनं मोजलेले तास जुळत नाहीत आणि कोणी समजावूनही सांगत नाही, हे ज्याला कळलं, तो पुढच्या महिन्यापासून प्रत्येक गोष्टीकडे संशयानं बघतो.

यावर एक साधा उपाय चांगला चालतो. महिना संपल्यावर, पगार होण्याच्या दोन-तीन दिवस आधी, हजेरी आणि ओटीची यादी शॉपमध्ये लावा. नाव, भरलेले दिवस, खाडे, ओटीचे तास. पगाराची रक्कम त्यात नको. ज्याला चूक वाटते त्यानं सुपरवायझरकडे सांगायचं, पगाराआधी दुरुस्ती करायची. खिडकीवरची गर्दी जवळजवळ नाहीशी होते.

उशिरा आल्यावर अर्धा दिवस कापतो. शिस्त लागायला नको का?

लागायला हवी. पण दहा मिनिटं उशीर झाला म्हणून अर्धा दिवस कापणं कायद्यालाही धरून नाही. गैरहजेरीची कपात जितका वेळ माणूस नव्हता तितक्याच प्रमाणात करता येते. दंडाचंही तसंच आहे: तो ठरलेल्या कारणांसाठीच, आधी त्याचं म्हणणं ऐकून, आणि महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपर्यंतच. शिवाय व्यवहारात काय होतं ते बघा. अर्धा दिवस जाणारच असेल, तर माणूस दहा मिनिटं उशिरा येत नाही, घरीच थांबतो. तुमचं मशीन पूर्ण पाळी बंद राहतं.

ओव्हरटाइम लोकांना हवा असतो की नको असतो?

दोन्ही. नवीन लग्न झालेल्याला किंवा घर बांधायला काढलेल्याला हवा असतो, आणि दुपटीच्या दराचा तो त्याचा हक्कच आहे. त्रास होतो तो पाळी सुटायच्या पाच मिनिटं आधी "आज थांबायचंय" असं सांगण्याचा. सकाळी सांगितलं तर माणूस घरी फोन करतो, डबा मागवतो, ठरवतो. एकेरी दरानं ओटी देऊन "आपल्याकडे असंच असतं" म्हणणाऱ्या शॉपमध्ये लोक दिवसाचं काम मुद्दाम संध्याकाळपर्यंत लांबवतात, आणि मालकाला वाटतं माणसं आळशी आहेत.

दिवाळीच्या बोनसवरून दरवर्षी तोंडं वाकडी होतात. काय करावं?

बोनसची रक्कम किती, यापेक्षा ती कधी आणि कशी कळली, यावर जास्त काही अवलंबून असतं. वीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस हा कायद्यानं मिळतो. ती मालकाची भेट नव्हे. नफ्याच्या हिशेबाप्रमाणे तो २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पाकीट हातात देताना "यंदा एवढं जमवलं बघा" असं म्हटलं, की माणसाला आपण मागायला आलो होतो असं वाटतं. दसऱ्याच्या सुमाराला सगळ्यांना एकत्र बोलवून सांगा: यंदा धंदा असा झाला, बोनस इतका बसतो, अमुक तारखेला खात्यात जमा होईल. कमी असला तरी लोक समजून घेतात. त्यांना ऑर्डरी कमी झाल्याचं मशीनवर उभं राहून तुमच्याइतकंच कळलेलं असतं.

आणि गेल्या वर्षी दिलेलं यंदा गुपचूप बंद करू नका. मिठाईचा एक डबा असला तरीही.

जास्त उत्पादनावर इन्सेंटिव्ह, म्हणजे जादा पैसे, ठेवला. सुरुवातीला आकडे वाढले, मग थांबले. असं का होतं?

तुम्ही टार्गेट वाढवलंत का? बहुतेक वेळा इथेच घोटाळा असतो. पाळीत ३०० नगांवर इन्सेंटिव्ह होता, पोरांनी जोर लावून ३६० काढले, तीन महिन्यांनी ऑफिसनं ठरवलं की ३६० जमतात म्हणजे टार्गेटच ३४० करू. त्या दिवशी अख्ख्या शॉपनं धडा घेतला, की जास्त काढलं तर आपल्याच अंगावर येतं. त्यानंतर ३१० च्या वर कोणी जात नाही, आणि जाणाऱ्याला बाकीचे समजावतात.

हे आपल्याकडच्याच लोकांचं वैशिष्ट्य नाही. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये चौदा कामगारांच्या एका गटाचं कित्येक महिने निरीक्षण केलं गेलं. गटाच्या उत्पादनावर पैसे मिळत होते, तरी गटानं आपसात दिवसाचा एक आकडा ठरवून ठेवला होता. भराभर काम करणाऱ्याला टोमणे बसत, दंडावर गुद्दाही बसे. आपण जास्त काम केलं तर दर कापला जाईल किंवा कोणाची तरी नोकरी जाईल, ही भीती त्यामागे होती.

इन्सेंटिव्ह ठेवायचा असेल, तर मशीन किंवा पद्धत बदलल्याशिवाय दर बदलणार नाही, असं लिहून द्या आणि पाळा. हिशेब कामगाराला स्वतःच्या वहीत करता येईल इतका सोपा ठेवा. फक्त नग मोजू नका, चांगले नग मोजा. आणि जिथे एकाचं काम दुसऱ्यावर अवलंबून आहे, तिथे इन्सेंटिव्ह अख्ख्या लाइनला द्या.

पैशामुळे कामातला रस उलट कमी होतो, असं वाचलं. खरं आहे का?

एडवर्ड डेसी यांचा १९७१ मधला प्रयोग यासाठी सांगितला जातो. विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली, काहींना त्याचे पैसे दिले. पैसे बंद झाल्यावर त्यांनी मोकळ्या वेळात कोडी सोडवणं कमी केलं. हा प्रयोग मजेसाठी कोडी सोडवणाऱ्यांवर होता. पाळी भरून घर चालवणाऱ्याचे पैसे कमी ठेवण्यासाठी त्याचा दाखला देऊ नये. त्यातून घेण्यासारखं इतकंच: कोणी आपणहून, आवडीनं एखादी गोष्ट करत असेल, जसं की नवीन पोराला शिकवणं, तर लगेच तिला तासाचा दर लावू नका. त्याला वेळ द्या, मान द्या, आणि पगारवाढीच्या वेळी ते लक्षात ठेवा.

चूक झाली तर रागवायचंच नाही का? माल रिजेक्ट झाला तर पैसे माझे जातात.

जातात, आणि राग येणं साहजिक आहे. पण एक प्रसंग सांगतो.

एका शॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, बुश (आरपार भोकाचे गोल भाग) चालू होते. नाइटला इन्सर्ट (कापणारं पातं) बदलला, त्याचा ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायचं माप, किंचित चुकला, आणि सकाळपर्यंत चाळीस-एक नगांचा बोअर (आतलं भोक) मोठा गेला. सकाळी मालकांनी ऑपरेटरला सगळ्यांसमोर उभं केलं. "डोळे फुटले होते का? व्हर्निअर धरता येत नाही?" तो मान खाली घालून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. नंतर चहाच्या वेळी त्याला बाजूला घेऊन विचारलं, की प्लग गेज (भोकात घालून माप तपासायचं साधन) लावलं नव्हतंस का? तो म्हणाला, "गेज क्वालिटीच्या कपाटात असतं. किल्ली कुलकर्णी साहेबांकडे. साहेब फर्स्टला (पहिल्या पाळीला) असतात." म्हणजे नाइटला गेज मिळतच नव्हतं. तो जमेल तसा व्हर्निअरनं, म्हणजे हातात धरायच्या मोजपट्टीनं, बोअर मोजत होता, आणि त्या टॉलरन्सचा (मापात चालणाऱ्या फरकाचा) बोअर व्हर्निअरनं भरवशानं मोजता येत नाही. हे त्यानं आधी सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं.

गेजचा एक संच मशीनजवळ ठेवला आणि इन्सर्ट बदलला की पहिला नग तपासून कार्डावर लिहायचा, हे सुरू झालं. तो प्रकार पुन्हा झाला नाही. ऑपरेटर मात्र दोन महिन्यांत सोडून गेला. कामावरून नाही, सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं त्यावरून.

चुकीबद्दल बोला, पण एकट्याला, आणि आधी त्याला बोलू द्या. "कोणी केलं" याच्या आधी "कसं झालं" विचारा. निष्काळजीपणाच असेल तर तसं स्पष्ट सांगा, समज द्या, लेखी द्या. ज्या शॉपमध्ये चूक कबूल केली की शिव्या बसतात, तिथे चुकलेले नग डब्याच्या तळाशी जातात आणि थेट ग्राहकाकडे सापडतात. ते रिजेक्शन मग चाळीस नगांचं राहत नाही, अख्खी लॉट परत येते.

शाबासकी देतो, पण तिचा परिणाम दिसत नाही.

"छान काम करताय, असंच चालू द्या" हे सगळ्यांनाच म्हटलेलं असतं, म्हणून ते कोणालाच लागत नाही. "काल ती नवीन फिक्स्चर (नग धरून ठेवणारी चौकट) तू लावलीस, सेटिंगचा वेळ निम्मा झाला, मी पाहिलं" असं म्हटलं तर माणूस घरी जाऊन सांगतो. नेमकं काय केलं ते पाहिलेलं असावं लागतं, आणि त्यासाठी शॉपमध्ये फिरावं लागतं. कॅबिनच्या काचेतून ते दिसत नाही.

"महिन्याचा उत्कृष्ट कामगार" फोटोबद्दल मी फारसा उत्साही नाही. पहिले चार महिने खरे मानकरी मिळतात, पुढे पाळीनं नंबर लागतो, आणि मग तो बोर्ड कोणी वाचत नाही. त्यापेक्षा ग्राहकाचा ऑडिटर आला, की त्याला मशीन दाखवायला तिथल्या ऑपरेटरलाच सांगा. सुपरवायझरनं मागे उभं राहावं.

उत्तम ऑपरेटरला सुपरवायझर केलं, आता तोही नाखूश आणि खालचेही.

हे फार होतं. बारा वर्षं ज्याचे हात मशीनवर चालले, त्याला अचानक माणसं चालवायला दिली, आणि शिकवलं काहीच नाही. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांना आज रजा नाकारायची, हे त्याला जड जातं. तो मग एकतर सगळ्यांचं ऐकतो, नाहीतर आवाज चढवतो.

त्याला तीन गोष्टी लागतात. स्वतः निर्णय घ्यायचे अधिकार किती, हे स्पष्ट सांगा: एक दिवसाची रजा, पाळीची अदलाबदल, साधी टूल खरेदी. त्यानं दिलेला निर्णय कामगारानं वर येऊन तक्रार केली म्हणून लगेच फिरवू नका, आधी त्याच्याशी बोला. आणि ज्याला सुपरवायझर व्हायचंच नाही, त्याच्यासाठी दुसरी वाट ठेवा. सीनियर सेटर, मास्टर टेक्निशियन असं पद आणि त्याचा पगार सुपरवायझरच्या बरोबरीचा. पगार वाढवण्यासाठी चांगला हात मशीनवरून काढून घ्यावा लागतो, ही लहान कारखान्यांची मोठी हानी आहे.

कॉन्ट्रॅक्टचे आणि परमनंट एकाच मशीनवर काम करतात. त्याचा परिणाम होतो का?

होतो, आणि याच्याइतकी खोल नाराजी मी दुसऱ्या कशाचीच पाहिलेली नाही. तेच मशीन, तोच जॉब, तेच टार्गेट, आणि पगार निम्मा. वर गणवेशाचा रंग वेगळा, कँटीनमध्ये वेगळी रांग, बसमध्ये उभं राहायचं. पगाराचा फरक एका दिवसात मिटवणं लहान मालकाला जमत नसेल, हे मला समजतं. पण कँटीनची रांग, पिण्याचं पाणी, हातमोजे आणि सेफ्टी शूज यांत फरक ठेवायला काहीच कारण नाही. कॉन्ट्रॅक्टवाल्याचं बोटही परमनंटइतकंच लवकर कापलं जातं.

मुंबईला हे जुनं दुखणं आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पगारवाढ आणि बोनसबरोबरच बदली कामगारांना कायम करण्याचाही प्रश्न त्यात होता. रोज सकाळी गेटवर जायचं आणि आज काम आहे की नाही ते कळेपर्यंत थांबायचं, असं वर्षानुवर्षं काढलेली माणसं त्यात होती.

कायम करण्याचा नियम असेल तर तो लेखी असू द्या: इतकं काम, अशी हजेरी, अमुक परीक्षा, आणि वर्षाला इतक्या जागा. नसेल तर "बघू, पुढच्या वर्षी करू" म्हणू नका. खोट्या आशेवर ठेवलेला माणूस ज्या दिवशी ती सोडतो, त्या दिवशी तुमचं कामही सोडतो, मग तो गेटच्या आत असला तरी.

रोज तेच काम. कंटाळा येणारच, त्याला आपण काय करणार?

काम बदलता येत नसेल, तर त्याचा अर्थ तरी कळू द्या. कित्येक ऑपरेटरना आपण करतो तो पार्ट गाडीत नेमका कुठे बसतो, हे ठाऊक नसतं. एका ठिकाणी जोडलेली असेंब्ली आणून ठेवली आणि त्यात प्रत्येकाचा पार्ट रंगवून दाखवला. ब्रेकमधली पिन करणाऱ्यानं ती हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिली आणि म्हणाला, "ही गेली तर गाडी थांबणार नाही की." पुढे टॉलरन्सबद्दल त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

दुसरं, भिंतीवर कौशल्याचा तक्ता लावा. डावीकडे नावं, वर मशीनं, कोणाला काय येतं त्याच्या खुणा. प्रत्येकाला सहा महिन्यांत एक नवीन खूण मिळवण्याची संधी द्या आणि खुणेला पगारात काहीतरी जोडा. माणूस शिकतो, आणि कोणी रजेवर गेलं तर तुमचं मशीन बंद पडत नाही.

गणपती, जत्रा, पेरणी. ऐन डिस्पॅचच्या वेळी सगळ्यांना रजा हवी असते.

या तारखा आदल्या वर्षीच माहीत असतात. कोकणातला माणूस गणपतीला जाणारच, मराठवाड्यातला पाऊस पडल्यावर पेरणीसाठी जाणारच. नाही म्हटलं तर तो फोन बंद करून जातो, आणि परत आल्यावर नजर चुकवतो. जानेवारीत कॅलेंडर घेऊन बसा, कोणाला कधी हवं ते लिहा, गणपतीवाल्यांनी दिवाळीत थांबायचं अशी आपसात देवघेव त्यांनाच करू द्या. ती ते तुमच्यापेक्षा चांगली करतात.

रविवारची सुट्टीसुद्धा या राज्यात कोणी सहज दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित करून ती मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी ती मान्य केली. रजेकडे कामगार हक्काच्या नजरेनं बघतो, त्याला असा इतिहास आहे.

तरुण पोरं हजार रुपयांसाठी शेजारच्या गेटवर जातात. त्यांना निष्ठाच नाही का?

हजार रुपये हे सांगायचं कारण असतं. बरोबरच्या मित्राला तिकडे व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) शिकवतात आणि मला इथे वर्षभर बर, म्हणजे नगाच्या कडेची धार, काढायला बसवलंय, हे खरं कारण असतं. शिकाऊ म्हणून घेतलेल्या मुलाला झाडू आणि चहा यांतच गुंतवलं, तर तो जाईल, आणि त्यानं जावं. पहिल्या आठवड्यात त्याला एक अनुभवी माणूस नेमून द्या, तीन महिन्यांनी कुठल्या मशीनवर जाणार ते सांगा, आणि ती तारीख पाळा.

महिलांना लाइनवर घेतलं, पण टिकल्या नाहीत.

स्वच्छतागृह किती लांब आहे आणि त्याला आतून कडी आहे का, हे आधी जाऊन पाहा. मग सुटल्यावर घरी पोचायची सोय. नाइट द्यायची तर त्यांची संमती आणि गाडी दोन्ही हवं. हे झाल्याशिवाय बाकी चर्चा करू नका.

सूचना पेटी लावली, पण कोणी काही टाकत नाही.

पहिल्या पाच सूचनांचं काय झालं? उत्तर मिळालं नसेल तर सहावी येणार नाही. प्रत्येक सूचनेला पंधरा दिवसांत, नाव घेऊन, "करतो", "नाही करत, कारण हे", किंवा "दिवाळीनंतर" असं उत्तर द्या. नकारानं माणूस तितका खचत नाही, जितका गप्प बसण्यानं खचतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना देतो, ते बरं ना?

पाळीचं वेळापत्रक, सुट्टीची तारीख यासाठी उत्तम. खराब नगाचा फोटो आणि खाली ऑपरेटरचं नाव यासाठी मुळीच नाही. तो फोटो त्याच्या मुलानंही पाहिलेला असतो.

लोकांचं मन उडालंय, हे वेळेत कसं ओळखायचं?

आकडे उशिरा बोलतात. आधी दिसतं ते हे: पूर्वी भांडणारा माणूस गप्प होतो. "हे असं केलं तर?" म्हणणारा आता "सांगाल तसं" म्हणतो. मशीनचा वेगळा आवाज येतोय हे लक्षात येऊनही कोणी सांगत नाही. सोमवारचे खाडे वाढतात. तक्रारी बंद झाल्या म्हणून खूश होणाऱ्या मालकांना मी नेहमी सांगतो, की तक्रार करणाऱ्याला अजून काही बदलेल अशी आशा असते.

मी कामगार आहे. आमच्याकडे कोणी ऐकत नाही. मी काय करू?

तुमचे तास, खाडे आणि ओटी रोज वहीत लिहा. पगाराची स्लिप मागून घ्या, ती मिळणं तुमचा हक्क आहे. पीएफ कापला जात असेल तर उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून तो दर महिन्याला भरला जातोय का ते बघा. तक्रार करायची तर एक मुद्दा, तारीख आणि आकडा घेऊन करा. "इथे सगळंच असं आहे" म्हणालात तर समोरचा सुटतो. एकट्यानं बोलणं अवघड वाटत असेल तर दोघं-तिघं मिळून सुपरवायझरकडे जा. आणि शिकायची संधी मिळेल ती सोडू नका. मालकाशी पटो न पटो, हातातलं कौशल्य तुमच्याबरोबर येतं.

एखाद्यानं राजीनामा दिलाच. त्याला पगार वाढवून थांबवावं का?

क्वचित. त्याला वाढवून दिलंत, तर बाकीच्यांना कळतं की इथे वाढ मागायची पद्धत म्हणजे राजीनामा. का जातोय ते मात्र नीट विचारा, आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्याच्याशी नीट वागा. राहिलेले सगळे बघत असतात. हिशेब अडवून ठेवायचा, अनुभवाचा दाखला द्यायला महिनोन्‌महिने फेऱ्या मारायला लावायच्या, हे प्रकार लहान कारखान्यांत फार चालतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा देणाऱ्याचं राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. शेवटच्या दिवशी दाखला तयार ठेवा आणि हिशेबाचा कागद समोर बसवून समजावून सांगा. असा गेलेला माणूस कित्येकदा वर्षभरात परत फोन करतो, आणि येताना आणखी एक चांगला हात घेऊन येतो.